गीता, भरली

१

शिवम तांगडेचं विमान पडलं ते सकाळी नऊच्या सुमारास, आणि दहा वाजायच्या आत अख्ख्या जानेफळाला गुन्हेगार सापडला होता. आपल्याकडे एखाद्या कामाला चार माणसं जमवायची म्हटलं तर दिवस मोडतो, पण आरोपी मात्र पटकन सापडतो.

ते विमान शिवमनं स्वतःच्या हातानं बांधलं होतं. दोन माणसांचं, बापाच्या कापसाच्या गोदामात, चार वर्षं खपून. सांगाडा परदेशातून खोक्यांत आला, मागून इंजिन आलं आणि परवानगीचे कागद सगळ्यात शेवटी आले. गावानं आधी त्याला खुळा ठरवलं आणि ते उडाल्यावर 'आमचा शिवम' म्हणायला सुरुवात केली. त्या दिवशी शेताकडच्या धावपट्टीवर उतरायला वळताना ते एका पंखावर कलंडलं आणि पट्टीच्या दोनशे पावलं अलीकडे तुरीच्या वावरात आदळलं. शिवम जागच्या जागी गेला. चौतीस वर्षांचा होता.

आरोपी ठरला संघपाल सरकटे. लग्नात, जयंतीत, सभेत ज्याचे भोंगे वाजतात तो जानेफळचा साउंडवाला. विमानातली आवाजाची पेटी त्यानंच बनवली होती. दोन दिवसांपूर्वी चहाच्या टपरीवर तो शिवमला म्हणाला होता, "उडू नको बे, मरशीन." हे पंधरा जणांनी ऐकलं होतं आणि आता दीडशे जण सांगत होते.

ठाणेदार सुचिता बाहेकर यांनी तिसऱ्या दिवशी मेहकरहून मोतीराम ठेंगांना बोलावलं. मोतीरामांची तीस वर्षं वायुदलात रेडिओ दुरुस्त करण्यात गेली होती. गावात त्यांना फौजीकाका म्हणत, त्यांनी कधी बंदूक धरली नव्हती तरी. अपघाताची चौकशी करणारी दिल्लीची माणसं येतील तेव्हा येतील, बाई म्हणाल्या, पण संघपालला उद्या चार वाजता पुन्हा कोर्टापुढे उभं करायचं आहे. पेटीत घात केला होता का, एवढं कागदावर सांगा. विमान पडण्याचं दुसरं कारण निघालं नाही तर त्याला सोडायला माझ्याकडे आधार नाही.

मोतीरामांनी मान हलवली. शिवमला रेडिओवर बोलायला त्यांनीच शिकवलं होतं आणि पेटीसाठी संघपालचं नावही त्यांनीच सुचवलं होतं. एक गेला होता, दुसरा कोठडीत होता.

बाईंनी पंचनामा पुढे ठेवला. दोन गोष्टी मोतीरामांना खटकल्या. पंखांतल्या दोन टाक्यांपैकी उजवीवर विमान चालू होतं आणि तिच्यात अठरा लिटर पेट्रोल शिल्लक होतं. तरीही टाकी बदलायचा कॉक उजवीकडून डावीकडे जाताना मध्येच थांबलेला होता. म्हणजे जमीन डोळ्यांसमोर असताना, भरल्या टाकीवर, शिवमनं विमान सांभाळायची दांडी सोडून कॉकला हात घातला होता.

"आणि हे," बाई म्हणाल्या. "रेडिओवरचे त्याचे शेवटचे शब्द."

कागदावर दोनच शब्द होते. 'गीता, भरली.'

२

गीता म्हणजे शिवमची बायको. गावानं या शब्दांचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. घटका भरली. पोराला मरण दिसलं आणि त्यानं बायकोचा निरोप घेतला. बायाबापड्या हे सांगताना डोळ्यांना पदर लावत होत्या.

मोतीराम कोठडीपाशी जाऊन बसले. संघपाल गजांच्या आत भिंतीला टेकून होता. तीन दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. त्यानं पहिल्यांदा विचारलं ते पेटी फुटली का, हे.

पेटीची कथा मोतीरामांना अर्धीमुर्धी ठाऊक होती, बाकीची त्यांनी काढून घेतली. विमानात चार यंत्रं होती आणि चारही आपापल्या शिट्ट्या मारायची. इंजिन तापलं की शिट्टी, उंची कमी झाली की शिट्टी, पेट्रोल संपत आलं की शिट्टी. वेग पडून पंखांवरची हवा सुटायला लागली की सगळ्यात मोठी शिट्टी. वरून रेडिओची खरखर. कानावरचा हेडफोन एकच. कोण ओरडतंय हे शिवमला कळेना. संघपालनं मग लग्नातले सहा माइक जसे एका वायरीत आणतात, तसे हे सारे आवाज एका वायरीत आणले. दोन शिट्ट्या तशाच ठेवल्या, आणि ज्या दोन इशाऱ्यांवर जीव अवलंबून त्यांना माणसाचा आवाज दिला.

हवा सुटायला लागली की दांडी पुढे रेटून विमानाचं नाक खाली करायचं असतं, त्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. तो इशारा होता 'नाक खाली', संघपालच्या बायकोच्या, सुवर्णाच्या आवाजात. सुवर्णा जयंतीत गाते आणि तिचा आवाज इंजिनालाही ऐकू जाईल असा आहे. पेट्रोलचा इशारा गीताच्या आवाजात होता. संघपालनं कागदावर 'पेट्रोल कमी' असं लिहून दिलं होतं, पण गीता रोहिणखेडची. तिच्या तोंडून सहज निघालं ते 'टाकी खाली'. आपल्याकडे भांडं रिकामं झालं तरी खाली आणि माणूस उतरला तरी खालीच. शिवम हसला आणि तेच ठेव म्हणाला.

"मंग शिवमले मरशीन काऊन म्हटलं?" मोतीरामांनी विचारलं.

जे सांगायचं होतं त्यानं संघपाल आणखी खोल अडकणार होता, हे त्यालाही कळत होतं.

"रेडिओ चालू असला की पेटी पहिला शब्द गियते, फौजीकाका," तो म्हणाला. "आवाज आला की ते रेडिओले दाबते अन् मंग आवाजाले दार उघडते. तेवढ्यात पहिला शब्द जाते. आधी एक टिंग टाकली असती तं शब्द वाचला असता. मी त्याले म्हटलं, टिंग टाकतो, मंग उड. तो म्हने, राहू दे, आवाज ओळखू येतात ना."

मोतीरामांनी मनाशी जुळवून पाहिलं. पहिला शब्द गेला, तर दोन्ही इशाऱ्यांत उरतं काय?

३

उरत होतं ते फक्त 'खाली'.

हे कागदावर लिहिलं असतं तर संघपालचा निकाल तिथंच लागला असता. पेटीत खोट, बनवणाऱ्याला ती ठाऊक, आणि त्यानं तोंडानं मरण बोललेलं. पण मोतीराम तीस वर्षं बिघाड शोधत आले होते, आणि पहिला सापडलेला बिघाड खरा नसतो हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. शब्द गेला तरी आवाज राहत होता. सुवर्णाचा आवाज आला की दांडी, गीताचा आला की टाकी. हे शिवमच्या अंगवळणी पडलेलं होतं. कोंबडा कोणाच्या घरचा ते न बघता सांगणारी माणसं आहोत आपण, दोन बायांच्या आवाजांत तो काय फसणार?

ते गोपालकडे गेले. गोपाल शिवमचा चुलतभाऊ. त्या सकाळी पट्टीवर हातातला रेडिओ घेऊन तोच उभा होता. विमानाची पट्टी ज्या वावरातून गेली त्यातला चौथा हिस्सा गोपालचा, आणि त्यावरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद होतं. गावातले जे चार लोक संघपालवर संशय घेत नव्हते ते गोपालवर घेत होते.

गोपालनं लपवाछपवी केली नाही. हो, वावरावरून वाद होता, म्हणाला. पण रेडिओ धरायला शिवम मलाच बोलवायचा आणि त्यानं बोलावलं अन् मी गेलो नाही असं एकदाही झालं नाही. शेवटचे शब्द त्यानंच पोलिसांना सांगितले होते.

"कसा बोलला तो? भेलेला होता का?"

गोपाल विचारात पडला. "नाई जी. तेच तं समजून नाई राह्यलं. भेलेला नव्हता. घरात बायको काही म्हणते अन् आपण खवळून बोलतो ना, तसा बोलला. गीता, भरली. जसं काही ती बाजूलेच बसली हाय."

मोतीरामांनी तो रेडिओ हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. या माणसाच्या मनात पाप असतं, तर निरोपाची सोयीची गोष्ट सोडून ही न जुळणारी गोष्ट त्यानं आपल्या तोंडानं कशाला सांगितली असती? आणि घटका भरलेला माणूस खवळून बोलत नाही.

४

दुपारी ठाण्यातल्या टेबलावर पेटी उघडली. पत्र्याचा डबा चेमटला होता, आत काळी माती शिरली होती, तारा मात्र शाबूत होत्या. मोतीरामांनी बॅटरी जोडली, हेडफोन लावला, रेडिओची खरखर चालू ठेवली आणि एकेक इशारा वाजवला.

पेट्रोलचा इशारा वाजला. गीताचा आवाज, '...खाली'. हवा सुटल्याचा वाजला. सुवर्णाचा आवाज, '...खाली'. पहिला शब्द खरंच जात होता, पण बाया दोन होत्या आणि आंधळ्यालाही वेगळ्या कळल्या असत्या. सगळं जसं असायला हवं तसंच होतं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"गीताबाईंना इथे बोलवायला नको," मोतीराम म्हणाले. "मीच जाऊन येतो."

गीता ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या सरस्वतीबाई तिला चहा पी म्हणून मागे लागल्या होत्या. मोतीरामांनी फार विचारलं नाही. त्या सकाळी काय काय झालं ते सांग, म्हणाले. तिनं सांगितलं. शिवमनं पोहे खाल्ले. मग दोघं पट्टीवर गेले. त्यानं कॅन ओतला, तिनं चाळणीचं नरसाळं धरलं, आणि उजवी टाकी काठोकाठ भरली. ती भरली म्हणाली, तोही भरली म्हणाला. मग ती स्वयंपाकाला घरी आली.

मोतीरामांच्या ध्यानात आलं. भरली होती ती घटका नव्हे. भरली होती टाकी. शिवम मरणाशी बोलत नव्हता, बायकोशी वाद घालत होता. ती कानात टाकी खाली म्हणत होती आणि तो सांगत होता की गीता, भरली, आत्ता तर आपण दोघांनी भरली. तरी काय सांगावं, एकदा बघून घेऊ, म्हणून त्यानं कॉकला हात घातला.

पण पेट्रोलचा इशारा वाजतो पाच लिटरच्या खाली, आणि टाकीत होते अठरा. ठाण्यात परत येऊन त्यांनी आवारात आणून ठेवलेल्या पंखाच्या टाकीतला, पेट्रोल किती ते दाखवणारा तरंगता गोळा तपासला. तो ठाकठीक होता, त्यानं खोटी हाक मारलेली नव्हती. उतरायला वळताना, कमी वेगात, तिथं एकच इशारा वाजू शकत होता, तो हवा सुटल्याचा. तो शिवमनं ऐकला होता गीताच्या आवाजात, आणि दांडी रेटायची सोडून टाकीकडे हात नेला होता. पेटी मात्र आत्ता, या टेबलावर, तोच इशारा सुवर्णाच्या आवाजात देत होती.

मोतीरामांनी चष्मा पुसला आणि पेटीतलं कार्ड बाहेर काढलं. मोबाइलमध्ये गाण्यांचं असतं तसलं नखाएवढं कार्ड. ज्या फटीत ते बसतं तिच्यात काळी माती दाबून बसली होती. कार्डाच्या पितळी पट्ट्या मात्र लखलखीत होत्या.

"बाई," ते म्हणाले, "विमान पडलं तेव्हा हे कार्ड आत नव्हतं."

५

पेटी अपघाताच्या दिवशी दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत होती किसनराव तांगड्यांच्या घरी. शिवमचा बाप. वावर त्यांचं, पोरगा त्यांचा, पोलिसांनीही घाई केली नव्हती. संघपालला तर बांधावरच अडवून संध्याकाळी ठाण्यात नेलं होतं, तो पेटीजवळ फिरकलाच नव्हता. सुवर्णाच्या आवाजाचं जुनं कार्ड ज्याच्याजवळ होतं, त्यानंच ते आधी कधीतरी काढून घेतलेलं असणार. म्हणजे माणूस घरातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम पुन्हा तांगड्यांकडे गेले. किसनराव बैठकीत होते. ओसरीवर गीताला मोतीरामांनी एकच गोष्ट विचारली, नाक खाली हे शब्द तू कधी बोलली होती का? आणि तिनं सरळ सांगितलं की हो. पंधरा दिवसांपूर्वी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिला तिच्याच मोबाइलमध्ये ते बोलायला लावलं होतं. शिवमले सांगू नको, म्हणाले, वर गेल्यावर तुहा आवाज ऐकला की त्याले बरं वाटंल. तिलाही ते गोड वाटलं होतं. हे सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि मोतीरामांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांना तिथं बसवेना. ते उठून बैठकीत गेले.

किसनराव सत्तरीचे, दोनदा सरपंच झालेले. मोतीरामांनी त्यांना सगळं सांगितलं. किसनरावांनी विचारलं, कार्ड बदलणं हा काही खून होत नाही ना? ट्रॅक्टरसाठी गाणी भरून देणाऱ्या मेहकरच्या पोरानंच ते भरून दिलं होतं. फायलीच्या जुन्या नावावर नवा आवाज, पाच मिनिटांचं काम.

"पण काऊन?" मोतीरामांनी विचारलं.

"पट्टीवर संघपालनं रेडिओ न लावता पेटी भोंग्यावर गावाले ऐकवली, ध्यानात हाय का?" किसनराव म्हणाले. "साऱ्या गावासमोर त्याच्या बायकोनं माह्या पोराले म्हटलं, नाक खाली. लोक हासले. मांगून कोणीतरी बोललं, तांगड्याइले हे ऐकाव लागते आता. त्या बाईनं हुकूम करावा अन् माह्या पोरानं नाक खाली करावं. तूही हासला होता, मोतीराम."

हसले होते. मोतीरामांना आठवलं. त्यांना ती गंमत वाटली होती. सुवर्णा त्या दिवशी हसली नव्हती, हे आत्ता ध्यानात आलं.

"बाई कोणतीही असो, यंत्राची खूण होती ती," ते म्हणाले. "खूण बदलली अन् उडणाऱ्याले सांगतलं नाही. पोरगा पडल्यावर तुमाले कळलं. गोपालनं गीताचं नाव सांगतलं तवाच कळलं. नाहीतर घरात प्रेत असताना जुनं कार्ड पेटीत कोण घालते? अन् मंग पोलिसाले संघपालचं नाव कोणी दिलं?"

किसनराव खिडकीबाहेर बघत राहिले. रडले नाहीत. त्यांचा आवाज हळू झाला एवढंच.

"नवं कार्ड मी इहिरीत टाकलं. आता पुरावा काय तं तिच्या मोबाइलातला आवाज. म्हणजे तिले सांगा लागते, नवरा तुह्या आवाजानं मेला. सांग जा. ते पोरगी जगणार नाही. तिचा जीव पाह्यजे तुले, का त्या साउंडवाल्याची सुटका?"

६

मोतीराम ठाण्यात येऊन कोरा कागद पुढे घेऊन बसले. पेटीत खोट होती, असं लिहिलं तर ते खोटं नव्हतं. गीता वाचली असती. आत बसलेल्या माणसाचं मात्र आयुष्य गेलं असतं, आणि सुवर्णाला जन्मभर सगळ्यांनी खुन्याची बायको म्हटलं असतं. खरं लिहावं तर त्याला आधार त्या मोबाइलचा, आणि तो मागायला पुन्हा त्या ओसरीवर जायचं म्हणजे पोरीच्या गळ्यावर सुरी ठेवायची. एक वाजला, दोन वाजले. बाईंनी दोनदा डोकावून बघितलं.

अडीचला गीता स्वतः आली. सोबत सरस्वतीबाई होत्या. डोक्यावरचा पदर नीट होता, डोळे कोरडे होते. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला.

"तारीख बी हाय त्याच्यात," ती म्हणाली. "मामाजी नको म्हनत होते. मी आली."

तिला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी मोतीरामांचं तोंड पाहूनच तिनं ओळखलं होतं आणि उरलेलं बसल्या जागी जुळवलं होतं. बाई जबाब लिहून घेऊ लागल्या. सासऱ्यांनी काय सांगितलं, कधी, कोणत्या खोलीत, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. बाहेर बाकावर सुवर्णा तीन दिवस बसत होती, ती आजही तिथंच होती. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

जबाब वाचून दाखवला. सही करायच्या आधी गीतानं मोतीरामांकडे बघितलं.

"फौजीकाका, एक सांगा. लबाडी नका करू. लय भेले असतीन का ते?"

बिघाडाच्या वहीत मोतीरामांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि आज लिहायची गरजही नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

"नाही पोरी," ते म्हणाले. "भ्यायले त्याले टाइमच भेटला नाही. त्याले वाटलं टाकीचं काही हाय. तो तुह्याशी बोलून राह्यला होता."

ती ऐकून घेत होती.

"म्हणजे माह्यावर भरोसा ठेवला म्हणून गेले."

मोतीरामांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. तिनं सही केली, खाली तारीख घातली, आणि साडेतीन वाजता संघपाल सरकटे घरी गेला.